अहिरे सरांचं कॉफीचं मशीन

अहिरे सरांचा मला अजूनही राग येतो. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मलाही कळतं, तरी येतो. माणूस भांडला, ओरडला, निदान टेबलावर हात आपटून निघून गेला, की समोरच्याची सुटका होते. सरांनी आमची तशी सुटका कधी केली नाही.

धुळ्याच्या आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवायचे आणि मी गणित अन् ड्रॉइंग. मी असोद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. ते पिंपळनेरचे, बौद्ध. हे इतक्या लगेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं, आणि आमच्या स्टाफरूममधल्या नऊ माणसांनी ते कधी तोंडाने उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच पडायची नाही, इतकी आमची तयारी होती.

सर अंगाने बारीक, उंच. शर्टाला कडक इस्त्री, आणि खिशात पेनाच्या शेजारी टेस्टर. कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी हाताची मागची बाजू लावायची, ही त्यांची सवय. करंट असेल तर पंजा आपोआप मिटतो, मागची बाजू लावली की हात सुटून येतो, तळवा लावला तर चिकटून बसतो, असं मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे. ही सवय इतकी मुरली होती की नवीन माणसाशी बोलतानाही ते आधी थोडं अंतर ठेवून अंदाज घेत आहेत असं वाटायचं. वर्कशॉपमध्ये फ्यूज उडाला की मुलं लगेच एकमेकांकडे बोट दाखवायची. "कोणी केलं ते नंतर बघू," सर म्हणायचे. "आधी दोष कुठे आहे ते शोधा." मग एकेक जोड तपासत जायचं. घाई नाही, चिडचिड नाही. पंधरा जोड असले तर पंधराही बघायचे. हा शोध कधीकधी जेवणाची सुट्टी खाऊन टाकायचा आणि मुलं वैतागायची, पण दोष सापडल्याशिवाय मेन स्विच वर जायचा नाही.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. सरांचा मुलगा मॅट्रिक झाला म्हणून त्यांनी घरून खापरावरच्या पुरणपोळ्या आणल्या. मोठा डबा, वर स्वच्छ पंचा. वार मंगळवार होता. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये नऊच्या नऊ जणांना उपास निघाला. फिटरचे बोरसे नाना तर एरवी मंगळवारी ऑम्लेट खाणारे, तेही म्हणाले, "काय करू भाऊ, घरनीनं सांगेल शे." नववा मी. मला कसलाही उपास नव्हता. पण आठ जणांनी नाही म्हटल्यावर माझी जीभही तशीच वळली. सरांनी डब्याला झाकण लावलं, पंचा घडी घालून वर ठेवला आणि तासाला निघून गेले. त्यानंतर त्यांनी घरून काही आणलं नाही.

सत्त्याऐंशीच्या आसपास त्यांचा एक जुना विद्यार्थी, दोंडाईच्याचा हनीफ, गल्फहून सुट्टीवर आला. सरांनी याला फी भरायला मदत केली होती की काय, मला माहीत नाही, पण माणूस सरांच्या पाया पडायलाच आला होता. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं एक खोकं त्याने वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलं. आत कॉफीचं मशीन. काळं, उभं, मागे पाण्याची टाकी, मध्ये गाळणीची पेटी, खाली काचेचा जग आणि जगाच्या बुडाशी गोल तवा. सोबत दळलेल्या कॉफीचे चार सीलबंद डबे आणि कागदी गाळण्यांचा गठ्ठा. "सर, टाकीत पाणी घाला, वर पावडर घाला, बटण दाबा. मग तुम्ही काही करायचं नाही," हनीफ म्हणाला.

सरांनी तीन दिवस बटण दाबलं नाही. त्यांना आधी ते समजून घ्यायचं होतं. चौथ्या दिवशी मशीन वर्गात आलं. सरांना गाळणीच्या पेटीचा छेद फळ्यावर काढून हवा होता, त्यासाठी मला बोलावलं, म्हणून मी हजर.

"टाकी खाली आहे, पाणी वरून पडतं," सर म्हणाले. "मग पंप कुठे आहे?"

मुलांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. पंप नव्हता.

"भाताच्या पातेल्यावरचं झाकण कोण उचलतं?"

"वाफ, सर."

"मग इथे पाणी कोण उचलत असेल?"

एका मुलाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. सरांना असे चेहरे फार आवडायचे. मग त्यांनी बूड उघडून दाखवलं. टाकीतलं पाणी एका बारीक नळीने खाली येतं. तोंडाशी एक छोटी झडप असते, ती पाण्याला पुढे जाऊ देते, मागे फिरू देत नाही. पुढे ती नळी हीटरला चिकटून वळसा घेते. तिथे पाणी उकळतं, बुडबुडे होतात, मागे वाट बंद म्हणून बुडबुडे पाण्याला पुढच्या नळीतून वर ढकलतात, आणि ते गरम पाणी थेंबाथेंबाने पावडरीवर पडतं. हीटर एकच, पण कामं दोन. नळीही तापवतो आणि वरचा तवाही, म्हणजे जगातली कॉफी गरम राहते. टाकी रिकामी झाली की तापमान चढतं आणि थर्मोस्टॅट तोडतो. तो "टक्" आवाज आला की सर मान हलवायचे.

नंतर त्यांनी फळ्याचे दोन भाग केले, फायदे आणि तोटे. ही त्यांची नेहमीची पद्धत, अगदी साध्या इस्त्रीसाठीसुद्धा. समोर उभं राहावं लागत नाही, उतू जात नाही, माप ठरलं की चव रोज तीच, आणि एकाच वेळी दहा जणांची होते, हे फायद्यांत. तोट्यांत बरंच काही. पाणी किती तापावं ते आपल्या हातात नाही. तव्यावर जग अर्धा तास राहिला की कॉफी कडू होते. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार नळीत बसणार आणि महिन्याभरात धार बारीक होणार. दूध टाकीत घालता येत नाही, करपून नळी बंद पडेल. आणि लाइट गेली की सगळं तिथेच थांबणार. लाइट तर आमच्याकडे रोज जायची. मला खरं सांगायचं तर हे खटलं बिनकामाचं वाटलं. पातेल्यात पाच मिनिटांत होते ती कॉफी, जायफळ घालून. तिच्यासाठी एवढा व्याप कशाला?

ते सरांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. मुलं गेली होती. पहिली कॉफी जगात उतरत होती आणि सर तिच्याकडे बघत होते.

"याला हात लागत नाही, चौधरी," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी कप उचलून तोंडाला लावला, म्हणजे काही बोलावं लागू नये. कॉफी फारच चांगली होती.

दुसऱ्या दिवशी मशीन स्टाफरूममध्ये आलं. खिडकीजवळच्या टेबलावर सरांनी ते मांडलं, शिपायाला सांगितलं की सगळ्यांच्या माठातलं पाणी तूच टाकीत घाल. स्वतः त्यांनी फक्त बटण दाबलं. कॉफी उतरली, वास सुटला. सगळे कौतुकाने भोवती जमले आणि कोणीही कप पुढे केला नाही.

"हाई ते काळंच शे, भाऊ," नाना हसत म्हणाले. "दूध कोठे शे? माले काळं नई चालत."

बोरसे नाना वाईट माणूस नव्हते. मला टायफॉईड झाला तेव्हा याच माणसाने मला स्वतःच्या घरी नेऊन पंधरा दिवस ठेवलं होतं. त्यामुळेच तर सगळं अवघड होऊन बसलं. वाईट माणसावर रागावून मोकळं होता येतं.

सरांनी दोष शोधायला घेतला. काळी चालत नाही, तर दूध पावडरचा सीलबंद डबा आला, आणि तो सर्वांसमोर उघडला गेला. मग कोणाला पित्त होतं, कोणाला डॉक्टरने कॉफी मना केली होती. सरांनी पावडर कमी करून कॉफी सौम्य केली. मग जड पाण्याचा वास येतो अशी तक्रार झाली. सरांनी लिंबाच्या फुलाचं, म्हणजे लिंबूसत्त्वाचं, पाणी दोनदा मशीनमधून फिरवून नळी धुतली. मग कागदी गाळण्या संपल्या, आणि सरांनी मलमलची गाळणी केली. "कापड कथलं शे भाऊ, धोतरनं ते नई?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सरही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून मलमलचा नवा तुकडा आणला, त्यावर मिलचा शिक्का तसाच होता, आणि सुई-दोरा घेऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत गाळणी शिवली.

मी ते बघत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. अहो सर, दोष तिथे नाही! मशीनमध्ये नाही, पाण्यात नाही, कापडात नाही. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. सीलबंद डबा, शिपायाचा हात, मिलचा शिक्का, हे सगळं ज्याला कळतं तोच करतो. तरीही ते एकेक तोटा खोडत चालले होते. सगळे तोटे संपले की कप पुढे येतील, निदान एक तरी येईल, एवढीच त्यांची इच्छा होती. आपल्या हातचं काहीतरी या खोलीत कोणी प्यावं. दोन महिने ते हे करत राहिले.

आणि मी? मी रोज पाच वाजता वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांची कॉफी प्यायचो. मुलं गेल्यावर. कप विसळून जागेवर ठेवायचो. स्टाफरूममध्ये मात्र सरांनी विचारलं की म्हणायचो, "नको सर, आत्ताच चहा झाला." त्यांनी कधी उलट विचारलं नाही की पाचला कशी चालते. मी स्वतःला समजावून ठेवलं होतं की मी निदान पितो तरी.

मग मुंबईहून तपासणीला साहेब यायचे ठरले. प्राचार्यांना वाटलं, परदेशी मशीनची कॉफी दिली तर छाप पडेल. मशीन सरांचं, तेव्हा सर करतील असं मी धरून चाललो होतो. सरही तसंच धरून चालले असावेत, कारण त्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले होते. प्राचार्य म्हणाले, "अहिरे, तुम्ही वर्कशॉप सांभाळा. कॉफीचं नाना बघतील."

सरांनी एका कागदावर स्वच्छ अक्षरात क्रम लिहून दिला. पाणी किती, पावडर किती, आणि खाली दोनदा अधोरेखित करून, दूध टाकीत घालू नये. नानांनी तो कागद वाचला नाही. खिशात घातला.

"पावनासले पाणीनी कॉफी देतस का कोन्ही?" असं म्हणत त्यांनी लिटरभर दूध टाकीत ओतलं, वर साखर आणि जायफळही. पाहुण्याला पाण्याची कॉफी देणं त्यांना खरोखर कमीपणाचं वाटत होतं. त्यात लबाडी नव्हती.

पहिली दोन-तीन मिनिटं बरी गेली. मग मशीन घरघरायला लागलं. टाकीच्या झाकणातून फेस आला, टेबलावर ओघळला, आणि करपल्या दुधाचा वास खोलीभर पसरला. जगात कशीबशी अर्धी कॉफी उतरली होती, मळकट, वर काळे कण. नानांनी ती साहेबांना दिली. साहेबांनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला आणि रजिस्टर मागितलं.

उरलेली नानांनी वाटायला घेतली. आणि सगळ्यांचे कप पुढे आले. पित्तवाल्याचा, डॉक्टरने मना केलेल्याचा, सगळ्यांचे. माझाही. मी विचारसुद्धा केला नाही, पुरणपोळ्यांच्या मंगळवारी जीभ वळली होती तसाच हात पुढे गेला.

जळका वास आला म्हणून सर धावत आले. कुठेतरी वायर जळते आहे असं त्यांना वाटलं होतं, हातात टेस्टर होता. आल्या आल्या त्यांनी प्लग काढला, मशीनला हाताची मागची बाजू लावून पाहिली. मग वर पाहिलं. खोलीत प्रत्येकाच्या हातात कप होता आणि प्रत्येकजण ती करपलेली कॉफी पीत होता. "मस्त व्हयनी," कोणीतरी म्हणत होतं. सरांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्या कपावर आली. तिथे ती किती वेळ थांबली हे मला सांगता येणार नाही. मला ती फार वेळ थांबली असं वाटतं.

"भाऊ, तुमनं मशीन भारी शे!" नाना मनापासून म्हणाले, आणि आपल्या हाताने कप भरून सरांसमोर धरला. "ल्या, कॉफी ल्या."

सरांनी कप घेतला. उभ्या उभ्या, शेवटच्या घोटापर्यंत ती कॉफी प्यायले. कप टेबलावर ठेवला.

"साखर जरा जास्त झाली, नाना," ते म्हणाले आणि साहेबांना वर्कशॉप दाखवायला गेले.

त्या दिवशी पाचला मी गेलो तेव्हा सर नळ्या सोडवून लिंबाच्या फुलाच्या पाण्यात भिजत घालत होते. माझा तोल गेला. मी बरंच बोललो. तुम्ही ऐकून का घेता, एकदा स्पष्ट का विचारत नाही, सगळ्यांना सरळ का करत नाही. मी जितका स्वतःवर चिडलो होतो तितकं सगळं त्यांच्यावर काढलं.

सरांनी तार घालून नळीतला करपलेला थर काढला. नळी उजेडात धरून पाहिली.

"मी बोललो तर ते भांडण होतं, चौधरी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही बोलला असतात, तर नुसती कॉफी झाली असती."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी सायकल काढून खोलीवर गेलो.

चार दिवसांत मशीन पुन्हा चालू झालं. सरांनी एकदा नुसतं पाणी घालून ते चालवून पाहिलं. टक् आवाज आला. मग त्यांनी हॅकसॉ घेतली आणि मशीन मधोमध कापलं. टाकी, झडप, नळी, हीटर, थर्मोस्टॅट, सगळं प्लायवूडवर बसवून प्रत्येकाखाली नावाची पट्टी लावली. मी हळहळलो, की सर, चांगलं चालतं मशीन कापलंत. "शिकवायला बरं पडतं," ते म्हणाले. पुढची कितीतरी वर्षं मुलं त्या प्लायवूडसमोर उभी राहून पाणी वर कसं चढतं ते शिकली. स्टाफरूममध्ये त्यानंतर कॉफीचा विषय निघाला नाही. सर सगळ्यांशी पहिल्यासारखेच बोलायचे, नानांशीसुद्धा. पाच वाजता वर्कशॉपला कुलूप लागायचं.

पुढे माझी जळगावला बदली झाली. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलाला जळगावात नोकरी लागली म्हणून तेही तिकडेच आले, हे मला उशिरा कळलं. शहाण्णव किंवा सत्त्याण्णव असेल, एका रविवारी पत्ता शोधत मी त्यांच्या घरी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. आज त्यांच्या स्वयंपाकघरातलं जे समोर येईल ते खायचं, प्यायचं, मागून घ्यायचं. निघताना मी घरी चहासुद्धा घेतला नव्हता.

सर दारातच भेटले. केस पूर्ण पांढरे झाले होते, शर्टाची इस्त्री तशीच. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसला. आतून काकूंचा आवाज आला, "कोण शे?" "धुळ्याचे चौधरी सर आहेत," ते म्हणाले, आणि त्याच पावली दाराशी ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या.

"चला," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोपऱ्यावर चांगलं हॉटेल आहे. तिथे चहा घेऊ."

"सर, घरीच घेऊ ना," मी म्हणालो. "मला घरचा हवाय."

"अहो, घरी कशाला. तिथला चांगला असतो." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाहुण्याला अडचण होऊ नये म्हणून यजमान जी काळजी घेतो, ती होती. मी पुन्हा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणालो. "कशाला उगीच," म्हणत ते पुढे चालू लागले होते. मागे वळून पाहिलं तर काकू पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

हॉटेलात सरांनी दोन चहा सांगितले. माझ्या मुलांची चौकशी केली, जळगावच्या उन्हाला शिव्या दिल्या. चहा झाल्यावर मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि वळून घराकडे चालू लागले.